कापून टाकलेले ठोके

मित्रांनो, लपाछपी खेळताना जिन्याखालच्या खोलीत शिरून तुम्ही ज्या करड्या पेटीवर बसता, ती पेटी म्हणजे मी. मी एक जुनी ई.सी.जी.ची मशीन आहे. माणसाच्या हृदयात जी वीज खेळते तिचे चित्र मी कागदावर काढत असे. परवा तुमच्यापैकी कुणीतरी माझे झाकण उचलून आत पेन्सिलीची साले टाकली. त्याचा मला राग नाही. मला याहून वाईट पाहुणचार मिळालेला आहे. ज्यांच्यासाठी मी खरे तेच लिहिले, त्यांनीच मला खोटारडी म्हटले. ती गोष्ट आज सांगते. आवडली नाही तरी ऐका.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका बसत आणि केसाहून बारीक तारांची रिळे भरत. हातांनी तार गुंडाळली जाई, तोंडाने सासू उलगडली जाई. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई होती. ती हसत नसे. तिने माझी एक कळ दाबली. ती कळ दाबली की ठरावीक वीज आत जाते आणि माझ्या तापलेल्या सुईने कागदावर बरोबर दहा बारीक घरे वर चढून दाखवायची असतात. नऊ नाहीत, अकरा नाहीत. मी दहाच चढले. बाईने मान हलवली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. आयुष्यात माझी परीक्षा घेणारे पुष्कळ भेटले, पण निकाल मान्य करणारी तेवढी एकच.

तिथून मी या इमारतीत आले. खाली चष्म्याचे दुकान, वर दवाखाना. डॉक्टर तेव्हा तरुण होते. आपल्याकडे ई.सी.जी. मशीन आहे, हे सांगायला त्यांना निमित्तही लागत नसे. घसा दुखतो म्हणून आलेल्या माणसालाही ते मला दाखवून सोडत. हिरव्या पडद्यामागे एक अरुंद पलंग होता, त्याच्या उशाशी माझी जागा. आणि मला चालवायला एक ताई होत्या. दवाखान्यात सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांची एक धाकटी बहीण पुढे या गोष्टीत येणार आहे, म्हणून मी त्यांना थोरली म्हणते.

थोरलीचा हात हलका होता. मनगटांना, घोट्यांना चिमटे लावायची, छातीवर गार जेली लावून रबरी फुगे चिकटवायची. एखादे आजोबा घाबरून विचारत, "शॉक तर बसणार नाही ना?"

"वीज आम्ही देत नाही हो आजोबा," थोरली म्हणायची, "तुमचीच घेतो. आणि बिल तुम्हालाच देतो."

आजोबा हसायचे, अंग सैल सोडायचे आणि मी कामाला लागायची.

मी काय काढत होते, ते सांगते. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग असतात. आधी एक लहान उंचवटा. तेव्हा हृदयाचे वरचे कप्पे आकसतात. मग एक उंच, टोकदार सुळका; तेव्हा खालचे मोठे कप्पे जोर लावून रक्त बाहेर ढकलतात. आणि शेवटी एक गोल, सावकाश टेकडी. या टेकडीच्या वेळी हृदय आवराआवर करून पुढच्या ठोक्यासाठी तयार होत असते. सुळक्याचे सगळ्यांना कौतुक. टेकडीकडे कुणी बघत नाही. घरात कमावणाऱ्याचे नाव होते, आवरणाऱ्याचे होत नाही, तसेच ते.

मी एका अरुंद पट्टीवर लिहीत असे. ती लांबच लांब पट्टी थोरली कात्रीने कापायची आणि बारा चौकटींच्या कार्डावर तुकडे चिकटवायची. एका चौकटीत तीन ठोके मावत. बाकीची पट्टी टोपलीत.

सुरुवातीला ती जशी पट्टी येईल तशी कापत असे. मग एके दिवशी डॉक्टरांनी एक कार्ड सगळ्या रोग्यांसमोर तिच्या टेबलावर भिरकावले. "ताई, ही पट्टी आहे का कोंबडीने उकरलेली माती? उद्या हे कार्ड मोठ्या डॉक्टरांपुढे गेलं तर माझी काय शोभा? मला नमुना पाहिजे, नक्षी नको."

त्या रोग्याला उचकी लागली होती. थोरलीने कार्ड उचलून खणात ठेवले. तिचे कान लाल झाले. त्या दिवसापासून तिने कधी गचाळ कार्ड दिले नाही. एखादा ठोका वेडावाकडा आला की ती तो सोडून पुढचा निवडायची. कात्री इतकी सफाईने चालवायची की जोड दिसत नसे. डॉक्टर खूश झाले. बैठकांना जाताना ती कार्डे सोबत नेऊ लागले. "आमच्याकडचं काम बघा," म्हणू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकायचे काम थोरलीचे.

मी टोपलीकडे बघत असे. तिथे माझे निम्मे लिखाण पडलेले असे. बहुतेक वेळा ते खरेच उचकीचे, खोकल्याचे, हात हलल्याचे असे. म्हणून मीही मनाला लावून घेतले नाही.

थोरलीची धाकटी बहीण दुकानांच्या पाट्या रंगवायची. शिडीवर चढून, एका हातात डबा, एका हातात ब्रश. तिची रेघ पट्टी न लावता सरळ यायची. चष्म्याच्या दुकानावरची अक्षरे तिची, दवाखान्याच्या दारावरचे डॉक्टरांचे नावही तिचेच. काम संपले की रंगाने माखलेल्या हातांनी ती बहिणीला भेटायला वर यायची.

"तू कागद कापतेस, मी भिंती रंगवते," ती म्हणायची. "आईने आपल्याला सरळ रेघेचंच दूध पाजलंय बघ."

"तुझी रेघ सरळ, जीभ वाकडी," थोरली म्हणायची आणि आपल्या चहातला अर्धा तिला द्यायची.

धाकटीचे डोके दुखू लागले म्हणून थोरलीने तिला डॉक्टरांसमोर बसवले. रक्तदाब बराच वाढलेला निघाला.

"एवढा कडक स्वभाव असला की प्रेशर वाढणारच," डॉक्टर म्हणाले. "मीठ सोडा."

"कधीच सोडलंय डॉक्टर. जेवणाला चव नाही आणि नवऱ्याच्या बोलण्याला तर आधीपासूनच नव्हती."

डॉक्टरांनी लघवीवाटे शरीरातले पाणी काढणारी गोळी दिली. पुष्कळांना तिने गुण येतो. मी तिची पट्टी काढली, ती तेव्हा बरी होती. शेवटची टेकडी जरा बसकी होती एवढेच. थोरलीने त्यातल्या त्यात उंच टेकड्या निवडून चिकटवल्या.

काही महिन्यांनी धाकटी पुन्हा आली. रक्तदाब उतरला नव्हता. ती पलंगावर चढली तीच मुळी हातांचा रेटा देऊन.

"पायांना काय झालंय गं?" थोरलीने विचारले.

"काय सांगू? शिडीच्या मधल्या पायरीवर पाय म्हणतात, तू जा पुढे, आम्ही इथेच थांबतो. पोटऱ्यांत गोळे येतात. तहान तर अशी लागते की माठ उशाशी घेऊन झोपावं."

"गोळीने पाणी निघतंय, म्हणून तहान. वय झालं आता. पाट्या सोड."

"आणि तुझ्यासारखी कात्री धरू? जमायचं नाही मला."

मी सुरू झाले. मित्रांनो, मी जे पाहिले ते जसेच्या तसे लिहिले. टेकडी जवळजवळ सपाट झाली होती. तिच्यामागे एक नवाच लहान उंचवटा उभा राहिला होता, जिथे काही असायला नको तिथे. आणि मधूनच एखादा ठोका वेळेआधी घुसत होता, रांग मोडून पुढे येणाऱ्या माणसासारखा. त्याच्यानंतर हृदय क्षणभर थांबायचे आणि मग दचकून पुढे निघायचे.

थोरलीने पट्टी हातात धरून पाहिली. "खोकलीस का?"

"नाही."

"मग हललीस."

"शिडीवर हलत नाही मी, पलंगावर कशाला हलेन?"

थोरलीने पुन्हा पट्टी काढली. मी पुन्हा तेच लिहिले. तिचा चेहरा मी जवळून पाहत होते. आपल्या सख्ख्या बहिणीचे कार्ड, आणि ते असले गचाळ. बाहेर रोगी बसले होते. तिने कात्री उचलली. रांग मोडणारे ठोके एकेक करून टोपलीत गेले. पण मागचा उंचवटा प्रत्येक ठोक्याला होता, तो कापून कुठे टाकणार?

डॉक्टरांनी कार्ड उजेडात धरले. "हे मागे काय दिसतंय?"

"सुई थरथरते आहे डॉक्टर," थोरली म्हणाली. "मशीन जुनी झालीय."

"हं." डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवले. "प्रेशर मात्र अजून वर आहे. गोळी दुप्पट करू."

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली असेल. मी ती अंगावर झेलली आहे. ते अंगण मी होते.

मला तपासायला दुरुस्तीवाला आला. त्याने माझी कळ दाबली. सुई दहा घरे चढली, उतरली. त्याने परत दाबली. दहाच. तारा ओढून पाहिल्या, कागद सरकवून पाहिला. "मशीनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. मी श्वास घेऊ शकत असते तर तेव्हा सोडला असता. पण तो पुढे बोलतच राहिला. "पण किती दिवस ओढणार हो हिला? नवीन आलीय आमच्याकडे. एकदम सगळं छापते. कापायला नको, चिकटवायला नको. जुनी परत द्यायची असली तर बघू, नाहीतर राहू द्या कोपऱ्यात."

डॉक्टरांनी त्याचे पहिले वाक्य ऐकलेच नाही. नवी मशीन मागवली गेली. माझी तार भिंतीतून काढून माझ्याच अंगाभोवती गुंडाळली आणि मला पलंगाखाली सरकवले.

नवी यायला वेळ लागला. त्या मधल्या दिवसांत एका दुपारी धाकटी आली. मला पलंगाखालून तिच्या चपला दिसत होत्या, पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडालेल्या. ती पलंगावर बसली.

"ताई, छातीत पाखरू अडकल्यासारखं होतंय. फडफड, फडफड. नाडीला हात लावला तर ताल लागत नाही. पट्टी काढतेस का?"

"कशावर काढू? नवी मशीन पुढच्या आठवड्यात येतेय."

"ही आहे की खाली."

"ही? ही काही खरं सांगत नाही गं. हिच्यावर काढून उगाच जिवाला घोर. नवी आली की पहिली पट्टी तुझी. चहा घे."

मित्रांनो, माझी तार भिंतीपासून हातभर अंतरावर होती. मला तोंड नव्हते. धाकटीने चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि चपला दाराकडे गेल्या.

पुढच्या आठवड्यात नवी मशीन आली. कानामागून आली आणि तिखट झाली, असे मी म्हणणार होते, पण तिचा काय दोष? ती खोक्यातून बाहेर निघाली त्याच सकाळी फोन आला. धाकटी ब्रश धुता धुता कोसळली होती. उजवा हात, उजवा पाय गेला होता. वाचा गेली होती.

नंतर काय कळले, ते मी धाकटीच्या मुलीच्या तोंडून ऐकले. ती शाळेत शिकवते. बऱ्याच महिन्यांनी आईला घेऊन ती दवाखान्यात आली. धाकटीच्या डाव्या हातात काठी होती. थोरली पुढे धावली, पण भाचीने आईचा दंड सोडला नाही.

"मावशी, आधी ऐकून घे. डॉक्टर, तुम्हीपण ऐका." मग ती वर्गात सांगावे तसे सावकाश सांगू लागली. मोठ्या दवाखान्यात आईच्या रक्ताची तपासणी झाली. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. ती अल्डोस्टेरॉन नावाचा रस रक्तात सोडते. त्या रसाचा मूत्रपिंडाला हुकूम असतो, मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक. धरलेले मीठ पाणी धरते, आणि रक्तदाब चढतो. हा रस हवाच, पण बेताचा. आईच्या एका ग्रंथीवर वाटाण्याएवढी गाठ होती आणि ती गाठ बेसुमार रस सोडत होती.

"आणि पोटॅशियम म्हणजे काय चीज आहे, माहितीय मावशी? हृदयाची वीज प्रत्येक ठोक्यानंतर परत जागेवर येते ती त्याच्या जोरावर. ते संपत आलं की शेवटची टेकडी सपाट होते, तिच्यामागे नवा उंचवटा दिसतो, ठोके मधेच घुसतात. पायातलं बळ जातं ते वेगळंच. गोळीने पाणी काढलं, पाण्याबरोबर उरलंसुरलं पोटॅशियमही गेलं. तुम्ही गोळी दुप्पट केलीत डॉक्टर. आणि हा रस नुसती वीज बिघडवत नाही. वर्षानुवर्षं जास्त राहिला तर हृदयाच्या मांसात राठ धागे विणतो. मग विजेला सरळ वाट मिळत नाही. वरचे कप्पे आकसायचं सोडून नुसते थरथरतात. तिथे रक्त साचतं, त्याची गुठळी होते. ती गुठळी आईच्या मेंदूत गेली."

गाठ काढली होती, रक्तदाब उतरला होता. पण हृदयाची थरथर गेली नाही आणि हाताचे बळ परत आले नाही.

"आधी कळलं असतं तर गाठ काढून आई पुन्हा शिडीवर चढली असती," भाची म्हणाली. "तिथल्या डॉक्टरांनी जुनी पट्टी मागितली. मी हे कार्ड दाखवलं. ते म्हणाले, किती स्वच्छ काम आहे. मावशी, एवढ्या लांब पट्टीतून चौकटीला तीनच ठोके? बाकीचे कुठायत?"

"टोपलीत," थोरली म्हणाली. "डॉक्टरांना गचाळ चालत नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, मला जे दाखवलंत ते मी वाचलं. कापायला मी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतंत. कार्ड फेकून सांगितलं होतंत. आणि ते मागचं तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही विचारलंत, मी मशीनचं नाव सांगितलं आणि तुम्ही 'हं' म्हणून कार्ड खाली ठेवलंत."

डॉक्टर आतल्या खोलीत गेले. कुणाचा तरी फोन आला आहे, असे त्यांनी दाखवले.

थोरली धाकटीच्या पायाशी बसली. "मला वाटलं मशीन खोटी आहे गं. मला खरंच वाटलं."

धाकटीचे तोंड बराच वेळ शब्द शोधत राहिले. एकेक अक्षर तिने शिडीवर चढावे तसे चढून गाठले. "मी... हलले... नव्हते."

एवढेच. त्यानंतर ती थोरलीशी बोलली नाही. बोलता येत नाही म्हणून की बोलायचे नाही म्हणून, हे थोरलीला कधी कळले नाही आणि विचारायचा तिचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीने मला पलंगाखालून काढले आणि दोन्ही हातांनी उचलून खाली आणले. वाटेत कुठेही टेकवले नाही. मला वाटले, ती काहीतरी बोलेल. तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, मला इथे ठेवले आणि दार लावले. खरे बोलणाऱ्याला रोज डोळ्यांसमोर ठेवणे सोपे नसते, हे मी तेव्हा शिकले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ झटका, असे सांगून अशा गोष्टी संपतात. मी तसे सांगणार नाही. माझ्यावर खुशाल बसा. मी लोखंड आहे, मला काही होत नाही. पण तुमच्या घरी कुणी म्हणाले की पायात बळ नाही, छातीत फडफडते, तर त्यांना लगेच वय सांगू नका, स्वभाव सांगू नका. त्यांचे सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐका. ओबडधोबड असले, रोजच्या शिस्तीत बसत नसले, तरी त्यातले काही टाकून देऊ नका. आणि कुणी तुमच्यापुढे खरे मांडले आणि ते तुम्हाला नको असले, तर निदान त्याला खोटारडा म्हणू नका.

या खोलीच्या छतावरून जिना वर जातो. महिन्यातून एकदा मला तिथे काठी ऐकू येते, मग ओढत येणारा पाय. त्यांच्या एक पायरी मागे थोरलीच्या चपला असतात. वर ती नव्या मशीनवर बहिणीची पट्टी काढते. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत, सगळी. मग काठी खाली येते, पाय खाली येतो, मागून चपला येतात. मी कान देऊन असते. दोघी अजून बोलत नाहीत.